आयएसओचा हॅश जुळला, डीव्हीडीचा जुळेना!

कडेपठार | शनिवार, १३ जुलै २०२४, रात्री ९:४०

मंडळी, जरा अडलोय, हात द्या.

आमच्या गावच्या शाळेला सहा जुने संगणक देणगी मिळालेत. देणाऱ्यांची अडगळ गेली, आम्ही हार घातला. पण चालू आहेत हे खरं. सगळे ३२ बिटवाले, पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, डीव्हीडी ड्राइव्ह मात्र सहाच्या सहा आहेत. शाळेत नेट नाही. म्हणून डेबियन १२ या फुकट लिनक्स प्रणालीच्या ३२ बिटवाल्या पहिल्या डीव्हीडीची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) उतरवायची ठरवली, म्हणजे नेटशिवाय काम होईल.

फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दोन जीबी मिळतात. एका रात्री अर्धी, दुसऱ्या रात्री उरलेली, अशी फाइल ओढली. डेबियनच्या साइटवर शेजारीच हॅशची (फाइलीच्या बाइट्सवरून काढलेल्या ठशांची) यादी असते, ती बघून माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर तपासलं. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली. खूश झालो.

दोन डिस्क राइट केल्या. शाळेत नेऊन लावल्या तर इन्स्टॉल सुरू होतं आणि फाइली कॉपी होताना मध्येच लाल पाटी येते. दोन्ही डिस्कवर तेच. मग भाच्याच्या लिनक्स लॅपटॉपवर डिस्क घालून थेट ड्राइव्हचाच हॅश काढला. क्रमांक १ च्या डिस्कवर हॅश न येता 'इनपुट आउटपुट एरर' आला. क्रमांक २ वर हॅश आला, पण तो फाइलच्या हॅशपेक्षा पूर्ण वेगळा.

फाइल बरोबर असून दोन्ही डिस्क बाद कशा? की दुकानदाराने दिलेला डिस्कचा डबाच भिकार आहे?

---

उंटावरचा_शहाणा | १३ जुलै, रात्री ९:५२

२०२४ मध्ये डीव्हीडी! पुढच्या धाग्यात फ्लॉपी फॉरमॅट करायला शिकवा. (हलके घ्या.)

---

जुना_वाचक | १३ जुलै, रात्री १०:०५

शहाणे, उंटावरून खाली उतरा. ज्या यंत्राला पेन ड्राइव्ह दिसतच नाही त्याला डीव्हीडीच लागणार.

अवांतर: २००५ पासून उबुंटू या लिनक्सच्या सीड्या फुकटात पोस्टाने घरी यायच्या, कुणाकुणाला आठवतंय का? पोस्टमनकाकांना वाटायचं माझं परदेशात काहीतरी मोठं चाललंय. एप्रिल २०११ मध्ये ती योजना बंद झाली. तेव्हा हॅश वगैरे कुणाला ठाऊक होतं! सीडी चालली तर चालली, नाही तर पुसून परत घालायची.

---

बाइटखाऊ | १३ जुलै, रात्री १०:३८

कडेपठार, दुकानदाराला एवढ्यात शिव्या नका देऊ. तुमची क्रमांक २ ची डिस्क बहुधा ठणठणीत आहे, मोजताना गफलत झालीय.

हॅश म्हणजे दिलेल्या सगळ्या बाइट्सचा मिळून एक ठसा. एक बाइट जास्त झाला तरी ठसा 'थोडासा' बदलत नाही, पार दुसराच येतो. तुम्ही एकदा फाइलचा ठसा घेतलात आणि एकदा अख्ख्या डिस्कचा. पण डिस्क फाइलएवढीच लांब असते कुठे? डीव्हीडीवर लिखाण ३२ केबीच्या ठोकळ्यांत होतं. एका ठोकळ्यात २०४८ बाइटचे १६ सेक्टर. शेवटचा ठोकळा अर्धवट भरत असेल तर उरलेल्या जागेत शून्यं भरतात. ती शून्यं तुमच्या ठशात शिरली. मजकूर तोच, खाली कोरी पानं जास्त.

सीडीवर आणखी गंमत असते. एका पद्धतीने राइट केलं तर ट्रॅकच्या टोकाला दोन फुसके सेक्टर राहतात. ते वाचायला गेलं की ड्राइव्ह बोंब मारतो, आणि आपण चांगली सीडी फेकून देतो. मी अशा किती फेकल्या असतील, विचारू नका.

उपाय सोपा आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर आयएसओ फाइलही कॉपी करा आणि दोन्ही थेट एकमेकांशी ताडून बघा. टर्मिनलमध्ये इंग्रजीत 'सीएमपी' टंका, स्पेस, आयएसओ फाइल माउसने ओढून टर्मिनलवर सोडा म्हणजे तिचा पत्ता आपोआप उमटतो, पुन्हा स्पेस, मग ड्राइव्हचा पत्ता, म्हणजे स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर शून्य. एंटर मारून चहा घ्या, वेळ लागतो.

उत्तर असं वाचायचं: आयएसओ फाइल आधी संपली, म्हणजे तिच्या नावापुढे 'ईओएफ' (फाइल संपली) दिसलं, तर डिस्क शंभर टक्के बरोबर. फाइल संपेपर्यंत प्रत्येक बाइट जुळला आणि पुढे फक्त ती कोरी पानं उरली. डिस्क आधी संपली तर लिखाण अर्धवट. 'डिफर' म्हणून बाइटचा आकडा आला तर तिथे फरक आहे.

आणि एक. राइट झाल्यावर डिस्क बाहेर काढून परत घाला, मगच तपासा. नाही तर कधी कधी यंत्र डिस्ककडे न बघता आठवणीतूनच उत्तर देतं.

---

कुलूपकिल्ली | १३ जुलै, रात्री ११:१०

बाइटखाऊंशी सहमत. पण 'पहिली आठ आणि शेवटची आठ जुळली' हे वाचून काळजात चर्र झालं. अपघाताने फाइल बिघडली असेल तर सोळा अक्षरं जुळायची शक्यता जवळपास नाहीच, हे मान्य. पण सवय वाईट. एसएचए-२५६ या प्रकारच्या हॅशची ६४ अक्षरं डोळ्यांनी कशाला ताडायची? दोन्ही हॅश नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा, किंवा यादीतला हॅश निकालाच्या खिडकीत शोधायला लावा. सापडला तर सगळाच्या सगळा जुळला.

आता मूळ मुद्दा. तो हॅश तुम्ही कुठून घेतलात? ज्या साइटवरून फाइल घेतली तिथूनच ना? मग फाइल वाटेत मोडली नाही एवढंच सिद्ध झालं. ती डेबियनवाल्यांचीच आहे, हे नाही. दुधात पाणी घालणाऱ्यालाच दूध मापायला सांगितल्यासारखं आहे हे.

२० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या साइटवर हल्ला झाला होता. हल्लेखोरांनी १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीची लिंक बदलून चोरदरवाजा बसवलेल्या आयएसओकडे वळवली. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमेंट लफेव्र यांनी लगेच ब्लॉगवर सगळं जाहीर केलं, खऱ्या फाइलींचे एमडी५ (हॅशचा जुना प्रकार) हॅश दिले, फोरमवाल्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. ज्यांनी टॉरंटने (अनेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी फाइल घ्यायची पद्धत) उतरवली ते वाचले. आता विचार करा: ज्याच्या हातात अख्खी साइट आहे तो लिंक बदलेल आणि शेजारी छापलेला हॅश तसाच ठेवेल का?

म्हणून डेबियनच्या त्याच फोल्डरमध्ये हॅशच्या यादीशेजारी शेवटी 'साइन' असलेली छोटी फाइल असते. ती त्या यादीवरची सही. जीपीजी या सही तपासायच्या सॉफ्टवेअरने ती तपासायची, आणि सहीच्या चावीचा फिंगरप्रिंट (चावीची छोटी ओळख) दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने मिळवून ताडायचा. सही 'गुड' आली तरी खाली भलीमोठी सूचना येते की ही चावी विश्वासातली असल्याची खात्री नाही. तिला घाबरू नका. त्या चावीवर तुम्ही स्वतः विश्वास नोंदवलेला नाही, एवढाच तिचा अर्थ. फिंगरप्रिंट जुळतोय ना, मग झालं. 'बॅड' आलं तर मात्र फाइल उघडूही नका.

---

उंटावरचा_शहाणा | १३ जुलै, रात्री ११:२४

एमडी५ फुटलंय म्हणतात ना? मग त्याचे हॅश देऊन काय उपयोग?

---

कुलूपकिल्ली | १३ जुलै, रात्री ११:४१

बघा, कामाचं विचारलंत! २००४ मध्ये शिआओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या गोष्टी बनवून दाखवल्या. एसएचए-१ चं तेच फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने केलं. पण ती मुद्दाम, दोन्ही बाजू स्वतः घडवून केलेली करामत आहे. डिस्कवर ओरखडा पडला किंवा डाउनलोड अर्ध्यात तुटलं, तर ओरखडा काही गणित करून पडत नाही. तसला अपघात एमडी५ आजही पकडतं. चोर पकडायचा असेल तर एसएचए-२५६ किंवा त्यापुढचं, तेही सहीसकट.

---

संत्रीबर्फी | रविवार, १४ जुलै, सकाळी ८:१५

धागा हायजॅक करत नाही, पण माझंही दुखणं याच जातीचं आहे. नागपूरला असते. मिंटची आयएसओ उतरवली. फाइलचा आकार साइटवर दिलाय तेवढाच आहे, एक बाइटही कमी नाही. तरी हॅश जुळत नाही बाप्पा! परत सगळी उतरवायची तर दोन दिवसांचा डेटा गेला. काही करता येतं का?

---

बाइटखाऊ | १४ जुलै, सकाळी ८:५०

ताई, परत उतरवू नका. टॉरंटची युक्ती वापरा. त्याच आवृत्तीची टॉरंट फाइल मिंटच्या साइटवर मिळते, काही केबींची असते. टॉरंट सॉफ्टवेअरमध्ये ती जोडताना, तुमची आयएसओ ज्या फोल्डरमध्ये आहे तोच फोल्डर द्या. नाव अक्षरशः तेच हवं, शेवटी कंसात १ वगैरे आलं असेल तर काढा. मग 'फोर्स रीचेक' म्हणा. टॉरंटमध्ये फाइलचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा हॅश असतो. सॉफ्टवेअर तुकडा तुकडा तपासेल आणि नासका तेवढाच नव्याने मागवेल. माझ्या एका आयएसओत दोनच तुकडे खराब निघाले होते, पाच मिनिटांत दुरुस्त.

अर्धवट डाउनलोड पुढे चालू करताना असं होतं. आकार बरोबर भरतो, पण मधला एखादा भाग चुकीचा बसतो. म्हणून 'आकार जुळला' यावर कधी समाधान मानायचं नाही.

---

जुना_वाचक | १४ जुलै, सकाळी ९:३०

माझी गाढवकी पण नोंदवून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. डेबियन १२.५ फेब्रुवारीत आलं होतं, ते मी जूनमध्ये उतरवलं. हॅश तपासायचा आळस केला. जुलैत आठवण झाली, साइटवर गेलो, तर जुळेना! तासभर डोकं खाजवलं. मग कळलं की २९ जूनला १२.६ आलं, आणि चालू आवृत्तीच्या फोल्डरमधली यादीही नवी झाली. जुनीची यादी जुन्यांच्या संग्रहात जाते. फाइल उतरवाल तेव्हाच हॅशची यादी आणि सही शेजारी साठवून ठेवा.

---

संत्रीबर्फी | १४ जुलै, दुपारी १:२०

बाइटखाऊ, रीचेक केलं. पहिल्यांदा ३ तुकडे खराब म्हणाला, उतरवले. सहज परत रीचेक केलं तर आता वेगळेच २ खराब! तिसऱ्यांदा सगळं ठीक, चौथ्यांदा १ खराब. हॅशही काढून बघितला. एकाच फाइलचा, दर वेळी वेगळा. भुताटकी आहे का ही?

---

बाइटखाऊ | १४ जुलै, दुपारी १:४४

भुताटकी नाही, रॅम. फाइलला हातही न लावता तिचा हॅश दर वेळी बदलत असेल तर दोष फाइलचा नाही, वाचणाऱ्याचा. हॅश काढताना फाइल डिस्कवरून रॅममध्ये येते. तिथे एखादा बिट उलटला की खेळ खलास. कधी हार्ड डिस्कची केबल किंवा यूएसबीची खोकीही असं करतात, पण पहिला संशय रॅमवर. मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम खराब समजा.

तोवर त्या संगणकावर महत्त्वाचं काही कॉपी करू नका. आयएसओला निदान हॅश असतो, फोटोंना कोण हॅश लावतंय!

---

कडेपठार | १४ जुलै, संध्याकाळी ६:०५

अहवाल देतो.

क्रमांक २: दोन वेळा ताडली, दोन्ही वेळा आयएसओपुढे 'ईओएफ'. म्हणजे बाइटखाऊ म्हणाले तसंच, डिस्क बरोबर! दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

क्रमांक १: इनपुट आउटपुट एरर, तीही दर वेळी. एकूण १९ लाखांच्या आसपास सेक्टर आहेत, त्यातले १८ लाख पार करून अडकते. दुकानदाराची माफी अर्धी परत घेतली.

सहीपण तपासली, 'गुड' आली. फिंगरप्रिंट भाच्याच्या कॉलेजातल्या संगणकावरून बघून घ्यायला लावला.

पण मूळ प्रश्न तसाच. क्रमांक २ ची डिस्क धुतल्या तांदळासारखी आहे, तर शाळेत लाल पाटी का?

---

बाइटखाऊ | १४ जुलै, संध्याकाळी ७:१२

क्रमांक १ चं आधी. डीव्हीडीवर लिखाण आतून बाहेर जातं. १८ लाखांच्या पुढे म्हणजे कडेजवळचा भाग. तिथे बोटं लागतात, डिस्क जरा वाकडी असेल तर तिथेच थरथरते. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवलाय का? असेल तर तोल जातो. राइट करताना वेग काय होता? १६ एक्स असेल तर पुढची ८ वर करून बघा. अगदी कमी वेग चांगलाच असं मात्र नाही, डिस्क आणि ड्राइव्हची जोडी कुठल्या वेगाला जमते ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या विंडोजवर आयएसओ राइट करायच्या खिडकीत शेवटी 'पडताळा करा' अशी खूण असते, ती लावत जा. इमबर्न वापरत असाल तर त्यात वेगळा व्हेरिफाय विभाग आहे, तिथे मूळ आयएसओशी ताडता येतं.

आता शाळा. तुम्ही डिस्क तपासलीत भाच्याच्या ड्राइव्हवर, आणि ती वाचणार आहे शाळेतला दहा-पंधरा वर्षं धूळ खाल्लेला ड्राइव्ह. भाच्याच्या चष्म्यातून दिसलं म्हणून आजोबांना दिसेलच असं नाही. तपासणी तिथेच करा. डेबियनच्या इन्स्टॉलरच्या मुख्य यादीत डिस्कची अखंडता तपासायचा पर्याय आहे. लाल पाटी आली की मागे जाऊन ती यादी उघडा, मिळेल. डिस्कवर प्रत्येक फाइलच्या एमडी५ ची यादी असते, त्यावरून तो त्याच ड्राइव्हने, त्याच रॅममधून सगळं वाचून बघतो. शिवाय कंट्रोल, ऑल्ट आणि एफ४ एकदम दाबलंत की नोंदी दिसतात. तिथे एसआर शून्यच्या नावाने ओळीच्या ओळी एरर असतील तर ड्राइव्ह गेला.

---

उंटावरचा_शहाणा | १४ जुलै, रात्री ८:३०

प्रामाणिक प्रश्न. पेन ड्राइव्हवर टाकलेली आयएसओ पण अशीच ताडायची का?

---

कुलूपकिल्ली | १४ जुलै, रात्री ९:००

हो, आयएसओ जशीच्या तशी राइट केली असेल तर. फाइलच्या लांबीएवढंच वाचायचं, पेन ड्राइव्हचा उरलेला भाग मोजायचा नाही. रुफस या पेन ड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरच्या आयएसओ पद्धतीने फाइली सुट्या करून टाकल्या असतील तर ताडून उपयोग नाही, रचनाच वेगळी असते. आणि मध्ये एकदा विंडोजला लावलात तर विंडोज त्यावर आपलं फोल्डर गुपचूप टाकू शकतं, मग हॅश जुळत नाही. राइट केला की आधी तपासा, मग कुठे लावायचा तिथे लावा.

---

संत्रीबर्फी | मंगळवार, १६ जुलै, सकाळी ७:५०

रात्रभर मेमटेस्ट चालवला. सकाळी उठून पाहिलं तर पडदा लालेलाल. दोन पट्ट्या होत्या. एकेक लावून बघितली, एक खराब निघाली. खोडरबरने घासून परत बसवली, तरी लालच. काढून ठेवली. उरलेल्या एका पट्टीवर आता हॅश पाचही वेळा सारखा आला, आणि यादीशी जुळलासुद्धा.

गेल्या महिन्यात याच संगणकावरून लग्नाचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकलेत. ते आता एकेक उघडून बघतेय. ४०० झाले, दोन अर्धे करडे निघाले.

---

जुना_वाचक | १६ जुलै, सकाळी ८:२०

अरेरे. मूळ मेमरी कार्ड पुसलं नसेल तर वाचलात.

---

संत्रीबर्फी | १६ जुलै, सकाळी ८:३१

नाही पुसलं. आळशीपणा कामी आला.

---

कडेपठार | बुधवार, १७ जुलै, रात्री ९:१५

आज आषाढीची सुट्टी, शाळा रिकामी. चावी माझ्याकडे होती. सकाळी विठोबाला हात जोडून तिथेच मुक्काम ठोकला. डबा साबुदाण्याच्या खिचडीचा.

क्रमांक २ ची डिस्क घेऊन सहाही यंत्रांवर अखंडतेची तपासणी चालवली. यादीत पर्याय बरोबर सापडला. दोन ड्राइव्हवर 'ठीक' आलं. बाकी चारवर दर वेळी वेगळ्याच फाइलवर अडत होतं, आणि एफ४ च्या पडद्यावर एररची रांग. डिस्क तीच! गेल्या आठवड्यात मी नेमकी त्या चारांतल्या दोन यंत्रांवरच खटपट करत होतो, हे माझं नशीब.

ड्राइव्हच्या भिंगावर फुंकर मारून, मऊ कापडाने पुसून बघितलं. एक सुधारला, तीन गेले ते गेलेच. मग एक चांगला ड्राइव्ह खोलून केबलसकट हातात घेतला आणि त्या तिन्ही यंत्रांना आळीपाळीने जोडला. झाकण उघडं, ड्राइव्ह टेबलावर, वर खिचडीचा डबा. रात्री आठपर्यंत सहाच्या सहा यंत्रांवर डेबियन चढलं. सहावं जरा कुथत चालतं, पण चालतं.

क्रमांक २ ची डिस्क पाकिटात घालून, वर आवृत्ती आणि तारीख लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली. हॅशची यादी छापून तीपण आत घातलीय.

क्रमांक १ शिपाईमामांनी मागून घेतली. त्यांच्या डाळिंबाच्या बागेत पाखरं हाकलायला टांगणार आहेत. म्हणाले, चमकते बरी, आणखी खराब झाल्या तर द्या.